किंकाळीचा शॉट

तालमीत नायक पहिल्यांदा किंचाळला तेव्हा स्टुडिओतले सगळे हसले, आणि त्यांच्याबरोबर थोरलीही हसली. सवयच होती तिला. कोणी विनोद केला की हसून मोकळं व्हायचं, मग तो आपल्यावर का असेना. नाहीतर लोक म्हणतात, हिला शिंगं फुटली. पण मेकअपच्या खोलीत आरशासमोर बसून तिनं केसांतल्या पिना काढायला हात वर नेले. एक पिन निसटून खाली पडली. ती उचलायला वाकली ती थोडा वेळ वाकलेलीच राहिली. त्याच्या किंचाळण्याचं तिला तितकं लागलं नव्हतं. आपण हसलो, हे लागलं होतं.

थोरली ती घरी. थोरली सून म्हणून. स्टुडिओत आणि रस्त्यावर ती 'आलेबाई' होती. पहिल्याच चित्रपटात तिला एकच वाक्य होतं, "आले, बाईसाहेब!" घंटा वाजली की धावत यायचं आणि धापा टाकत एवढंच म्हणायचं. लोक इतके हसले की पुढच्या प्रत्येक चित्रपटात ते वाक्य आलंच. भाजीवालासुद्धा विचारायचा, "काय आलेबाई, आलं देऊ का?" आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसायचा.

तो काळच तशा चित्रपटांचा होता. पडदा काळा-पांढरा, पण त्यावरची माणसं सगळी गोरीगोमटी. मोठा बंगला, लाडावलेली मुलगी, उनाड पण मनानं चांगला मुलगा, दोघांची रुसवीफुगवी, कोणीतरी कोणाला तरी भलतंच समजतं, आणि शेवटी लग्न. या बंगल्यांची दारं उघडायला, चहाचे ट्रे आणायला आणि ते पाडायला माणसं लागायची. ती नदीपलीकडची घेत. थोरलीचे आजी-आजोबा नदीपलीकडून या शहरात आले होते. तिचा जन्म इथला, शाळा इथली, बोलणं इथल्या कोणाहीइतकं स्वच्छ. तरी चित्रपटात तिला 'मी गेला, बाईसाहेब आला' असं मोडकंतोडकं बोलावं लागे. नदीपलीकडे कोणी असं बोलत नाही, हे तिला माहीत होतं. संवाद लिहिणाऱ्याला नव्हतं. आणि रंग मुळात काळा असूनही कॅमेऱ्यात तो पुरेसा दिसत नाही म्हणून मेकअपवाला वरून आणखी एक थर चढवी.

हे सगळं तिनं चालवून घेतलं होतं. संसाराला हातभार लागत होता, हे खरंच. पण त्याहून खरं म्हणजे तिला ते काम आवडायचं. दिवे लागले, सगळे चिडीचूप झाले, कॅमेरा घरघरायला लागला की तिच्या अंगात वेगळीच हुशारी संचारायची. ट्रे कधी पाडला तर लोक हसतील आणि कधी पाडला तर नुसतेच दचकतील, हे तिला बरोबर कळे.

हा प्रसंग मात्र वेगळा होता. नायिकेला आपल्या प्रियकराची परीक्षा घ्यायची असते, म्हणून ती स्वतःचा रेशमी झगा मोलकरणीला घालते आणि तिला अंधारात बागेत बसवते. नायक येतो, पाठमोऱ्या बाईचा हात हातात घेतो, तुझ्यासारखी सुंदर बाई जगात नाही वगैरे बोलतो. मग काडी ओढतो. उजेडात तिचा चेहरा दिसतो. तो भूत पाहिल्यासारखा किंचाळतो, आणि मोलकरीण तोंड झाकून पळत सुटते ती थेट कारंज्याच्या हौदात पडते.

एवढंच होतं. लिहिणाऱ्यानं चहा पिता पिता लिहिलं असेल.

चेहरा धुऊन थोरली दिग्दर्शकाकडे गेली. कुठल्याही अडचणीला त्यांचं एकच उत्तर असे, "सोप्पं आहे", म्हणून सगळे त्यांना पाठीमागे सोप्पंसाहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता. थोरलीचा चेहरा पडदाभर दाखवणारे पहिले तेच. ट्रे पडल्यावरचा का होईना.

"साहेब, ते किंचाळणं नको," ती म्हणाली.

"का? छान झालं की तालमीला. तुम्हीसुद्धा हसलात."

"हसले. तरी नको."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "अहो, तो तुम्हाला बघून नाही किंचाळत. त्याला वाटली एक आणि निघाली दुसरीच, म्हणून किंचाळतो."

"मग त्या झग्यात नायिकेची आत्या निघाली तर किंचाळेल का तो? 'माफ करा, आत्याबाई' म्हणेल आणि टोपी काढेल."

हे त्यांना पटलं, आणि पटलं म्हणूनच ते चिडले. चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवत म्हणाले, "हे बघा, सोप्पं आहे. परवा शॉट आहे. तुम्हाला जमत नसेल तर राहू दे. तुमची जाऊ असते ना आपल्याकडे गर्दीत? तिला उभी करू."

"लोक मला ओळखतात, साहेब. चेहरा वेगळा दिसेल."

"काडीच्या उजेडात कोण बघतंय? लोकांना तुम्ही दोघी सारख्याच." ते समजूत घातल्यासारखे हसले. "बाकीचा चित्रपट तुमचाच. तुमचा त्रास वाचला, आमचा शॉट झाला."

थोरली तिथून निघाली. नाही म्हटलं की गोष्ट थांबेल, असं तिला वाटलं होतं. ती गोष्ट नुसती तिच्या दारातून जावेच्या दारात जाऊन उभी राहिली होती.

घरी पोचली तेव्हा धाकटी ओट्याशी बटाटे सोलत होती. थोरलीनंच तिला स्टुडिओत नेलं होतं. स्टेशनवरच्या गर्दीत, बाजारातल्या गर्दीत, लग्नातल्या गर्दीत ती कुठे ना कुठे उभी असायची. पडद्यावर तिला शोधायला घरच्यांनाही डोळे फाडून बघावं लागे.

"कळलं तुला?" थोरलीनं विचारलं.

"फाटकातच सांगितलं त्यांच्या माणसानं. हो म्हणून आले."

"काय करायचंय ते कळलंय का?"

"हौदात पडायचंय. गुडघाभर तर पाणी आहे, बुडत नाही मी."

"चेष्टा करू नकोस. तो तुझं तोंड बघून किंचाळणार आहे. आणि तू ते तोंड झाकून पळणार आहेस. अख्ख्या शहरादेखत."

धाकटीनं सुरी खाली ठेवली. "ताई, मी गर्दीत उभी असते तेव्हा माझं तोंड बघून कोणी किंचाळत नाही. का माहितीये? कोणी बघतच नाही. इतकी वर्षं तुम्ही दारं उघडलीत, ट्रे पाडलेत, लोक तुम्हाला रस्त्यात हाका मारतात. आता तुम्हाला मान-अपमान आठवलाय. आठवू दे. पण तुम्हाला तशी सवड आहे. मला नाही."

"मी नाही म्हटलं ते वाया जाईल, एवढंच सांगते."

"नाही तुम्ही म्हटलंत. मी नव्हे."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. "विसरलीस? तुला तिथं नेलं कोणी?"

"तुम्हीच नेलंत. गर्दीत नेऊन उभी केलीत आणि मग मागे वळून पाहिलं नाहीत."

ते खरं होतं. सोप्पंसाहेबांकडे जावेसाठी शब्द टाकायचं तिच्या कैकदा मनात आलं होतं आणि दर वेळी तिनं ते पुढे ढकललं होतं. का, ते तिनं स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं.

आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. त्यांना हवं तेवढंच ऐकू येई, पण तेवढं नेमकं येई. "एका चुलीवर निभावलंत ना आजवर? आता त्या साहेबानं दोघींत मिळून तोंडही एकच दिलंय का?"

कोणी हसलं नाही. धाकटीनं बटाटा उचलला आणि इतका जाड सोलला की निम्मा सालीबरोबर गेला.

शॉटच्या दिवशी थोरली न बोलावता तिच्याबरोबर गेली. बसमध्ये दोघी शेजारी बसल्या, पण एक खिडकीबाहेर बघत होती आणि दुसरी समोरच्याच्या पाठीकडे. थोरलीनं घोंगडी बरोबर घेतली होती. हौदातून बाहेर येईल तेव्हा तिला गुंडाळायला कोणीतरी हवं, असं तिनं स्वतःला सांगितलं. खरं तर तिला घरी बसवत नव्हतं.

स्टुडिओची दारं लावून, झरोक्यांवर काळी कापडं टाकून भरदिवसा रात्र केली होती. पुठ्ठ्याची झाडं, मध्ये खराखुरा हौद. नायिकेचा झगा धाकटीला सैल होत होता, म्हणून पाठीमागे पिना लावून आवळला होता. मेकअपवाल्यानं चेहऱ्यावर इतका रंग थापला होता की धाकटीचे डोळे तेवढे ओळखू येत होते, आणि ते घाबरलेले होते. ओठ सारखे कोरडे पडत होते. थोरलीनं लांबूनच जीभ फिरवून दाखवली, ओठ ओले कर म्हणून. धाकटीनं मान वळवली.

पहिल्या वेळी काडी पेटलीच नाही. दुसऱ्यांदा दिवे मंद झाले, कॅमेरा सुरू झाला, नायक आला, त्यानं हात धरला आणि ते गोड बोलणं बोलला. मग काडी ओढली. चर्रकन उजेड झाला. त्यानं तोंड वासलं आणि किंचाळला.

थोरलीनं घोंगडी छातीशी घट्ट धरली. आता हिचे हात तोंडाकडे जातील. आता जातील.

हात गेले नाहीत. धाकटीनं त्याच्याकडे पाहिलं. आधी त्याच्या वासलेल्या तोंडाकडे, मग डोळ्यांकडे. तिचे स्वतःचे डोळे मोठे मोठे होत गेले, आणि मग ती किंचाळली. त्याच्यापेक्षा मोठ्यानं, त्याच्यापेक्षा लांब, छपरावरची कबुतरं फडफडतील अशी. नायक खराच दचकला. दोन पावलं मागे सरला, टाच हौदाच्या काठाला अडकली, आणि शहरातल्या निम्म्या मुलींनी ज्याचे फोटो उशीखाली ठेवले होते तो माणूस कपड्यांनिशी पाण्यात बसला.

वर फळीवर बसलेल्या दिवेवाल्यांपैकी कोणीतरी खो खो हसलं. मग दुसरा. मग सगळे. 'कट' म्हणायचं कोणालाच सुचलं नाही. मग नायक उभा राहिला, त्याच्या केसांतून पाणी गळत होतं, आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून हसू एकदम विझलं. इतकं, की पाण्याची टपटप ऐकू यायला लागली.

"हे काय होतं?" सोप्पंसाहेब ओरडले. "पळायचं लिहिलंय तिथं! पळायचं!"

धाकटीनं झगा सावरला. म्हणाली, "साहेब, अंधारात परका माणूस हात धरून बसला आणि काडी ओढून तोंडावर किंचाळला, तर मी काय करणार? भ्यायले मी. खरंच भ्यायले."

"हे तुझं नाही." त्यांचा आवाज खाली आला, ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "हे शिकवलेलं आहे." आणि ते थोरलीकडे वळले. त्यांच्यामागे सगळेच वळले.

थोरलीनं काही शिकवलं नव्हतं. तिला स्वप्नातही सुचलं नसतं. इतक्या चित्रपटांत सुचलं नव्हतं. नाही म्हणणं अगदी सोपं होतं. पण नाही म्हटलं असतं तर त्या पुठ्ठ्याच्या बागेत धाकटी एकटी उभी राहिली असती, सैल झग्यात, आणि संध्याकाळच्या आत फाटकाबाहेर गेली असती.

"हो," थोरली म्हणाली. "मीच सांगितलं तिला."

धाकटीनं तोंड उघडलं, पण थोरलीनं तिच्याकडे असं पाहिलं की ते मिटलं.

नायकाला कोणीतरी पंचा दिला होता. "माझं तोंड बघून किंचाळायला मी काय भूत आहे?" तो म्हणाला.

आणि ती? हे शब्द थोरलीच्या अगदी ओठांवर आले. सगळ्यांच्याच मनात ते आले असावेत, कारण कोणी कोणाकडे बघेना. तिनं ते गिळले. जीभ चावावी लागली, पण गिळले. ती नायकाजवळ गेली आणि वरच्या फळीकडे बोट दाखवून हलक्या आवाजात म्हणाली, "साहेब, ती माणसं सकाळपासून संध्याकाळपर्यंत चित्रपटच बघतात. कधी हसताना ऐकलंत त्यांना? आज हसली."

"मला हसली."

"तुमच्यासाठी हसली. मोलकरीण पाण्यात पडते हे लोकांनी शंभरदा पाहिलंय, मीच पडलेय. पण तुम्ही किंचाळलात, तीही किंचाळली आणि तुम्ही पाण्यात बसलात, हे कोणी पाहिलेलं नाही. भिजलेल्या माणसाला पुसायला नायिका धावत येईल. लोक जीव ओवाळून टाकतील तुमच्यावर."

नायक गर्विष्ठ होता, पण मूर्ख नव्हता. हशा कुठे पिकतो ते त्याला कळत होतं. त्यानं कानातलं पाणी झटकलं, एकदा धाकटीकडे आणि एकदा हौदाकडे पाहिलं. "दोन्ही ठेवा," तो दिग्दर्शकांना म्हणाला. "हे झालं ते असू दे. आता लिहिलंय तसंही घ्या. नंतर बघू."

म्हणून त्याच दुपारी धाकटी तोंड झाकून पळालीही आणि पाण्यात पडलीही. बाहेर आली तेव्हा तिचे दात वाजत होते. थोरलीनं तिला घोंगडीत गुंडाळलं.

"तुम्ही का सांगितलंत तसं?" धाकटीनं दबक्या आवाजात विचारलं.

"गप बस. आधी अंग पूस."

कुठला शॉट ठेवला, ते चित्रपट लागेपर्यंत कोणी त्यांना सांगितलं नाही. विचारायचं धाडस धाकटीनं केलं नाही आणि थोरलीचं बाकीचं काम आधीच उरकलं होतं, तिला पुन्हा कोणी बोलावलंच नाही. मधले महिने दोघींचा जीव टांगणीला लागला होता. त्यात धाकटीनं मारे आळीभर सांगून ठेवलं होतं, माझा चेहरा दिसणार आहे म्हणून. थोरली मनात म्हणे, कुठला चेहरा, ते तर कळू दे.

चित्रपटगृहात नदीपलीकडच्यांना समोरच्या दारानं जाता येत नसे. बाजूच्या बोळातून एक अरुंद लोखंडी जिना थेट सगळ्यात वरच्या सज्जात जायचा. दुपारच्या खेळाला सगळी आळी त्या जिन्यानं चढली. सासूबाई मध्ये दोनदा थांबल्या आणि दोनदा म्हणाल्या, "इतक्या वर आणून बसवतात, देवाला जवळ पडावं म्हणून की काय?"

थोरली आणि धाकटी शेजारी बसल्या. ती बाग आली. तो झगा आला. धाकटीनं थोरलीचं मनगट पकडलं. काडी पेटली. नायक किंचाळला.

खाली सगळं चित्रपटगृह हसलं. गदगदून, खुर्च्या वाजवून. वर सज्जात मात्र कोणी हललं नाही. खाण्याच्या पुड्यांची कुरकुरसुद्धा थांबली. ती शांतता थोरलीला मानेवर ठेवलेल्या ओझ्यासारखी जाणवली. आळीतले सगळे लोक पडद्याकडे बघत होते आणि कोणी या दोघींकडे बघायचं नाही असं जणू ठरवून बसले होते. तिला वाटलं, उठून हिला घेऊन खाली जावं.

आणि पडद्यावर धाकटी किंचाळली.

सज्जा फुटला. लोक पाय आपटायला लागले, एकमेकांच्या खांद्यावर थापा मारायला लागले. नायक पाण्यात बसला तेव्हा कोणी शिट्टी मारली. खालचेही हसत होते, पण जरा मागून, आणि काहीजण माना वर करून बघत होते, की यांना एवढं काय हसू येतंय.

"कोण पडलं? कोण पडलं?" सासूबाई विचारत होत्या.

"तो पडला, आई, तो!"

"मग बरं."

थोरली हसत होती की रडत होती हे तिचं तिलाच कळेना. तिला धाकटीचा अभिमान वाटत होता, आणि त्या अभिमानाच्या तळाशी काहीतरी बोचत होतं. हे मी का नाही केलं? एवढी वर्षं होती माझ्याकडे.

सुख फार टिकलं नाही. पुढच्याच प्रसंगात नायिका नायकाचे केस पुसत म्हणाली, "तिचं काय मनावर घेता! त्या लोकांना अक्कल असती तर काय हवं होतं!" नायक पाण्यात पडेल असं आधी लिहिलेलंच नव्हतं, म्हणजे हे वाक्य मागाहून घातलेलं होतं. खाली पुन्हा हशा झाला. सज्जातलं हसू जागच्या जागी मेलं.

दुसऱ्या दिवशी भाजीवाला लांबूनच ओरडला, "काय किंचाळलात, आलेबाई!"

"मी नव्हे. माझी जाऊ होती ती."

"तेच ते हो," तो म्हणाला, आणि भेंडी तोलायला लागला.

पुढच्या चित्रपटाचं बोलावणं आलं ते धाकटीला. थोरली चार दिवस वाट बघून सोप्पंसाहेबांकडे गेली. ते तिच्याशी नीटच बोलले. "तुमच्याविषयी राग नाही माझा. शॉट चालला, मी कशाला खोटं बोलू? पण तुम्ही आता शिकवायला लागलात. आज जावेला शिकवलंत, उद्या सगळ्या गर्दीला शिकवाल."

"मग दोघींना घ्या. मी काही शिकवणार नाही."

"एका बंगल्यात दोन दोन कशाला? लोकांना एक पुरते."

घरी येताना तिनं ठरवलं होतं, धाकटीला आनंदानं सांगायचं, जा म्हणून. पण दारात धाकटी नवी चप्पल घालून बघत होती, आणि थोरलीच्या तोंडून भलतंच गेलं, "माझी जागा पायाला नीट बसतेय ना?"

धाकटी खाली वाकली. चप्पल काढली, कोनाड्यात ठेवली आणि बाहेर निघून गेली. दोन दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज होता. थोरलीला वाटत होतं, हिनं जाऊन साहेबांना खरं सांगावं. आणि तसं वाटतंय याची लाजही वाटत होती.

तिसऱ्या दिवशी धाकटी स्टुडिओतून परत आली ती धुमसतच. पिशवी आपटली, पाणी प्यायली, पेला आपटला.

"सांगितलं मी त्यांना," ती म्हणाली. "ताईंनी काही शिकवलं नव्हतं, माझं मलाच सुचलं, असं तोंडावर सांगितलं."

थोरली पुढे सरकली. "मग?"

"हसले! म्हणाले, जावेला वाचवतेस, गुणाची आहेस. तुला कुठून सुचणार असलं? दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं, पटेचना त्यांना. ताई, मला सुचू शकतं हेच त्या माणसाच्या डोक्यात शिरत नाही!"

थोरलीनं तिच्याकडे पाहिलं. रागानं लाल झालेलं नाक, विस्कटलेले केस. तिला आतून उमाळा आला, आणि कसा कोण जाणे, तो हसू होऊन बाहेर पडला. धाकटी आधी चिडली, मग तीही हसायला लागली. दोघी ओट्याला टेकून इतक्या हसल्या की सासूबाई आतून म्हणाल्या, "मलाही सांगा, का मी फक्त भांडणंच ऐकायची?"

"मग तू काय म्हणालीस शेवटी?" थोरलीनं डोळे पुसत विचारलं.

"म्हटलं, बरं तर बरं. ताईंनीच शिकवलं. आणि अजून पुष्कळ शिकवून ठेवलंय."

"काढतील तुला."

"काढू देत. तोवर काहीतरी करून घेईन." मग ती जरा थांबली. "तुम्ही रागावू नका. मला ते काम सोडवत नाही."

"सोडू नकोस," थोरली म्हणाली. या वेळी ते खरं होतं. पूर्ण नाही, पण बरंचसं.

धाकटी त्या चित्रपटात गेली. कधी लिहिलं होतं तसं केलं, कधी हळूच थोडं निराळं, आणि बरंचसं निराळं कापलं गेलं. थोरली घरी होती. पावसाळा गेला, थंडी आली, आणि एका दुसऱ्याच कंपनीकडून तिला निरोप आला. मोलकरणीच्या आईचं काम होतं.

कचेरीतल्या कारकुनानं तिच्यापुढे एक कागद सरकवला. त्यावर तिची वाक्यं तेवढी उतरवली होती. कोणासमोर बोलायची, कशासाठी, ते काही नव्हतं. आजवर तिला प्रत्येक चित्रपटात असंच मिळालं होतं.

"कथेचं पूर्ण बाड द्या," थोरली म्हणाली.

"कशाला? तुमचं काम एवढंच आहे."

"माझ्या वाक्याच्या आधी काय होतं आणि नंतर काय होतं, ते बघायचंय."

"बाई, वेळ लागेल त्याला."

"लागू दे."

त्यानं कपाळाला आठ्या घातल्या, आत जाऊन कोणाला तरी विचारलं, आणि शेवटी जाडजूड बाड आणून टेबलावर टाकलं. बसा म्हणाला नाही. भिंतीपाशी एक खुर्ची होती. थोरलीनं ती ओढून घेतली, बसली, पिशवीतून चष्मा काढून डोळ्यांना लावला, आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली.